उसनी नावे, उसने पूर्वज

२००८ साली तिराना शहरात एका चरित्रग्रंथावरून मोठा गदारोळ उठला. व्हिएन्नात शिकवणारे इतिहासकार ऑलिव्हर येन्स श्मिट यांनी लिहिलेले स्कंदरबेगचे चरित्र आर्दियान क्लोसी यांच्या अनुवादातून अल्बेनियन वाचकांच्या हाती आले होते. स्कंदरबेग हा अल्बेनियाचा राष्ट्रपुरुष. ऑटोमन सैन्यातून फुटून त्याने १४४३ साली क्रुयाचा किल्ला घेतला आणि १४६८ साली मरण येईपर्यंत सुलतानांच्या फौजा अडवून धरल्या. ग्रंथावरचे आक्षेप बरेच होते, पण ज्यांनी तो उघडूनही पाहिला नव्हता त्यांनाही बोचला तो एक: नायकाच्या बापाचे नाव ‘ग्योन’ न येता ‘इव्हान’ आले होते. ग्योन म्हटला की अल्बेनियन, इव्हान म्हटला की स्लाव्ह. पाचशे सत्तर वर्षांपूर्वी वारलेल्या एका सरदाराच्या नावातली दोन अक्षरे बदलली, तर एका राष्ट्राचे कूळ बदलते की काय, अशी ती धास्ती होती.

कागदपत्रे उघडली की ही धास्ती विरते आणि तिच्या जागी गुंता उभा राहतो. या सरदाराने ॲथॉस पर्वतावरच्या हिलांदार मठाला गावे दान दिली. तो मठ सर्बियन, दानपत्र स्लाव्ह भाषेत, म्हणून तिथे तो इव्हान. लॅटिन पत्रांत तोच योहानेस. ऑटोमन दप्तरात त्याच्या मुलखाला ‘युवान-इली’, म्हणजे युवानचा प्रदेश, म्हटले आहे. मग घरी, आईच्या तोंडी, तो कोण होता? ते कोणत्याही कागदावर नाही, कारण अल्बेनियन भाषेत तेव्हा कागद लिहिलेच जात नव्हते. त्या भाषेतले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने वाक्य १४६२ सालचे आहे, म्हणजे हा सरदार वारल्यानंतर पंचवीस वर्षांनी लिहिलेले. आणि ते वाक्यही बाप्तिस्म्याचे आहे: धर्मगुरू वेळेवर पोचला नाही तर आईबापांनी स्वतःच मुलाला बाप्तिस्मा कसा द्यावा, हे सांगणारे. दुर्रेसचे आर्चबिशप पाल एंग्येली यांनी ते लिहून ठेवले.

आता या सरदाराच्या मुलांची नावे पाहावीत. मुलगे चार: स्तानिशा, रेपोश, कोन्स्तांदीन आणि ग्येर्ग. मुलींत मारा, येला, आंगेलीना, व्लायका, मामित्सा. स्तानिशा आणि व्लायका ही नावे सरळ स्लाव्ह वळणाची. कोन्स्तांदीनवर बायझंटाइन छाप. ग्येर्ग म्हणजे संत जॉर्ज, आणि तो संत त्या टापूत सर्वांचाच. रेपोश हिलांदारमध्येच वारला आणि तिथेच पुरला गेला. धाकटा ग्येर्ग सुलतानाच्या पदरी गेला आणि ‘इस्कंदर’ झाला. पुढे ज्याच्या नावाने अल्बेनियन राष्ट्रवाद उभा राहिला, त्याच्या त्या प्रसिद्ध नावात एक मॅसिडोनियन सम्राट आणि एक तुर्की पदवी आहे, अल्बेनियन काहीच नाही. तरीही तो अल्बेनियनांचा नेता होता, हे त्याच्या शत्रूंनीही नाकारले नाही.

या पुस्तकाचा विषय हाच आहे. अल्बेनियन आणि स्लाव्ह हे दोन समाज हजाराहून अधिक वर्षे एकाच डोंगराळ मुलखात एकमेकांना लागून, कधी एकमेकांत मिसळून, राहत आले. त्यांच्या भाषांचे नाते दूरचे. धर्म मात्र आडवेतिडवे पसरलेले: अल्बेनियनांत मुसलमान, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स, स्लाव्हांतही हे तिन्ही. अशा ठिकाणी माणसाचे नाव ऐकून त्याचे मूळ ओळखण्याचा मोह प्रत्येक सत्तेला, प्रत्येक इतिहासकाराला आणि शेजाऱ्यालाही झाला. नाव मूळ सांगत नाही, संबंध सांगते, असे या पुस्तकाचे म्हणणे आहे. त्या घराने कोणत्या चर्चमध्ये मूल नेले, कोणाशी सोयरीक केली, कोणाला कर भरला आणि कोणाची भीती बाळगली, हे नावात उमटते. रक्त उमटत नाही.

नावे मोजून माणसे मोजण्याची सवय लावली ती याद्यांनी. सर्बियन राजा स्तेफान देचान्स्की याने १३३० साली देचानी मठाला दिलेल्या सनदेत गावोगावच्या कुटुंबप्रमुखांची नावे आहेत. पुढे ऑटोमन आले, तेव्हा त्यांच्या कारकुनांनी करवसुलीसाठी दप्तरे तयार केली: १४५५ साली ब्रान्कोविच घराण्याच्या मुलखाचे, १४८५ साली श्कोदर सांजाकाचे, म्हणजे जिल्ह्याचे. घरटी एक नाव, शेजारी बापाचे नाव, मग कराचा आकडा. कारकुनाला माणूस सर्ब आहे की अल्बेनियन याच्याशी कर्तव्य नव्हते. तो मुसलमान आहे की नाही, घर चालते आहे की विधवेचे आहे, हे त्याला हवे होते, कारण कर त्यावर ठरत असे. पाचशे वर्षांनी हीच दप्तरे जणू जनगणनेचे तक्ते असावेत तशी उघडली गेली. १४५५चे दप्तर १९७२ साली सारायेव्होत छापले गेले. त्यातली बहुसंख्य नावे स्लाव्ह, म्हणून कोसोव्हो तेव्हा जवळजवळ पूर्ण सर्बियन होते, असा युक्तिवाद त्यावर उभा राहिला. १४८५चे दप्तर सेलामी पुलाहा यांनी १९७४ साली तिरानात प्रसिद्ध केले आणि दुसरी बाजू मांडली: बापाचे नाव स्लाव्ह आणि मुलाचे अल्बेनियन, किंवा उलट, अशा जोड्या या याद्यांत जागोजाग आहेत, म्हणजे स्लाव्ह नाव असलेला प्रत्येक जण स्लाव्ह नव्हता.

पुलाहांचा मुद्दा खरा आहे, पण तो त्यांनाही पुरता सोडत नाही. स्लाव्ह नावाचा माणूस अल्बेनियन असू शकतो, तर ग्योन नावाचा माणूस स्लाव्ह का असू शकत नाही? दोन्ही बाजूंचे अभ्यासक आपल्याला सोयीची नावे खरी मानतात आणि गैरसोयीची उसनी ठरवतात. यातून बाहेर पडायचा मार्ग एका क्रोएशियन विद्वानाने फार आधी दाखवला होता. मिलान शुफ्लाय यांनी मध्ययुगीन अल्बेनियाची कागदपत्रे लुडविग फॉन तालोची आणि कोन्स्तान्तिन यिरेचेक यांच्यासोबत संपादित केली. १९२५ साली त्यांनी सर्ब आणि अल्बेनियन यांच्या मध्ययुगीन सहजीवनावर पुस्तक लिहिले. दोन लोकसमूह एकमेकांच्या आधाराने वाढले, नावे, गाणी आणि नातीगोती त्यांनी एकमेकांत वाटून घेतली, हा त्यांचा विचार होता. असा विचार मांडणाऱ्या माणसाला त्या काळाने काय दिले? १९३१ साली झाग्रेबच्या रस्त्यावर शुफ्लायांचा खून झाला. त्याच्या निषेधाच्या पत्रावर अल्बर्ट आइन्स्टाइन आणि हाइन्रिश मान यांच्या सह्या आहेत.

नावे एका समाजातून दुसऱ्या समाजात जायची, ती कोणत्या वाटेने? पहिली वाट चर्चची. मुलाचे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठरे, आणि धर्मगुरूच्या पंचांगात जे संत असतील त्यांतूनच ते निघे. उत्तरेच्या कॅथलिक अल्बेनियनांत म्हणून झेफ, नदुए, प्रेंक, कोल. दक्षिणेच्या ऑर्थोडॉक्स अल्बेनियनांत थानास, स्पिरो, वांग्येल. दोघांची भाषा एक, नावांची पेटी वेगळी. उलट, पेचच्या सर्बियन धर्मपीठाखाली असलेल्या गावात अल्बेनियन कुटुंबानेही मूल नेले, तर ते योव्हान किंवा निकोला होऊन परत येणार. यादीत दिसतो तो धर्मगुरूचा अधिकार; कुटुंबाची भाषा चुलीपाशी राहते.

दुसरी वाट कुमाची. सर्ब आणि माँटेनेग्रिन समाजात कुम म्हणजे मुलाचा धर्मपिता. त्याचे नाते रक्ताच्या नात्याइतके पक्के, आणि अनेक भागांत मुलाचे नाव ठेवण्याचा मान त्याचाच. कुम परक्या टोळीतला, कधी परक्या भाषेतला निवडत, कारण वैर मिटवायचा किंवा मैत्री बांधायचा तो मान्य उपाय होता. बाप्तिस्मा शक्य नसेल, म्हणजे एक घर मुसलमान आणि दुसरे ख्रिस्ती असेल, तर मुलाचे पहिले केस कापून कुम होत. जावळाच्या त्या एका कात्रीने दोन धर्मांतली घरे पिढ्यान्‌पिढ्या बांधली गेली. खुनाच्या बदल्यात खून हा जिथे रिवाज होता, तिथे परक्याने ठेवलेले नाव हा एका अर्थी तहाचा करार होता.

तिसरी वाट भीतीची. सर्बियन भाषेचा महान कोशकार वुक कारादजिच याचा जन्म १७८७चा. त्याच्या आधीची भावंडे जगली नव्हती, म्हणून घरच्यांनी त्याचे नाव ‘लांडगा’ ठेवले. लांडग्याच्या वाटेला चेटकिणी जात नाहीत, असा समज होता. आपल्याकडे नवसाच्या मुलाला धोंडू किंवा दगडू म्हणत, त्यामागचा हिशेब हाच. अल्बेनियन डोंगरांतही लांडग्याचे नाव मुलाला देत. अशा नावाला वंश नसतो, फक्त एका आईची काळजी असते.

आणि चौथी, सोयरिकीची. स्कंदरबेगची बायको दोनिका ही आरियानिती घराण्यातली. तिची बहीण आंगेलीना हिचे लग्न आंधळ्या केलेल्या सर्बियन राजपुत्राशी, स्तेफान ब्रान्कोविचशी, झाले. नवरा गेल्यावर ती मुलांना घेऊन परागंदा झाली आणि पुढे सर्बियन चर्चने तिला संतपद दिले. आज सर्ब भाविक तिला ‘माता आंगेलीना’ म्हणून पूजतात. एक बहीण अल्बेनियन राष्ट्रनायकाची पत्नी, दुसरी सर्बियन संत. त्यांच्या बापाच्या घरात राष्ट्रे वाटून घेतली गेली तेव्हा कोणालाच त्याचा पत्ता नव्हता.

नावाइतकेच पूर्वजही उसने घेतले जातात. श्कोदरवर अठराव्या शतकात सत्ता गाजवणारे बुशाती पाशा मुसलमान अल्बेनियन होते. त्यांनी आपले मूळ कुठे नेऊन जोडले? स्तानिशा त्सर्नोयेविचशी. हा माँटेनेग्रोच्या ख्रिस्ती सत्ताधीशाचा मुलगा. इस्लाम स्वीकारून तोही ‘स्कंदरबेग’ झाला आणि १५१४पासून सुलतानाच्या वतीने त्या मुलखाचा कारभार पाहू लागला. बुशातींना माँटेनेग्रोवर हक्क सांगायचा होता, म्हणून त्यांनी स्लाव्ह पूर्वज घेतला. नेमके उलटे माँटेनेग्रोच्या कुची टोळीत घडले. तिथल्या द्रेकालोविच भावकीत आपले मूळ कास्त्रिओतींत, म्हणजे अल्बेनियन स्कंदरबेगच्या घराण्यात, असल्याची परंपरा आहे. याच भावकीतला मार्को मिल्यानोव्ह हा ऑर्थोडॉक्स सेनानी तुर्कांशी आणि अल्बेनियनांशी लढला. प्रौढ वयात तो लिहायला शिकला आणि मग आपल्या टोळीबरोबरच अल्बेनियनांच्या चालीरीतींबद्दलही त्याने आदराने लिहिले. मुसलमान अल्बेनियनाने स्लाव्ह राजपुत्र निवडावा आणि स्लाव्ह सेनानीने अल्बेनियन वीर, यात दोघांचाही खोटेपणा शोधण्याचे कारण नाही. प्रत्येकाने तो पूर्वज घेतला ज्याच्या नावाला त्या डोंगरात वजन होते.

एका प्रसिद्ध लोककथेत तर होत्ती, क्रास्निची, पिपेरी, वासोयेविची आणि ओझ्रिनिची या पाच टोळ्यांचे मूळपुरुष सख्खे भाऊ आहेत. यांतल्या पहिल्या दोन टोळ्या अल्बेनियन, एक कॅथलिक आणि एक मुख्यतः मुसलमान. उरलेल्या तीन स्लाव्हभाषक ऑर्थोडॉक्स. कथा ऐतिहासिक नाही. पण ज्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्यांना भाषा आणि धर्म वेगळे असूनही भाऊपण अशक्य वाटले नव्हते. टोळ्या भाषा बदलत, हेही इथे नवे नव्हते. केल्मेंदी या अल्बेनियन टोळीला १७०० साली एका पाशाने बळजबरीने पेश्तेरच्या पठारावर नेऊन वसवले. आज त्यांचे तिथले बरेच वंशज स्लाव्ह भाषा बोलतात. त्याच शतकात स्कादर सरोवराकाठची कॅथलिक अल्बेनियन कुटुंबे आर्चबिशप व्हित्स्को झ्मायेविच यांच्या आश्रयाने १७२६पासून झादर शहराच्या वेशीवर येऊन राहिली. त्या वस्तीचे नाव आर्बानासी. तिथल्या आडनावांत पेरोविच आणि मारुशिच आहेत, ऐकणाऱ्याला पक्की क्रोएशियन वाटणारी. बोली मात्र जुनी गेग, म्हणजे उत्तरेकडची, अल्बेनियन.

एकोणिसाव्या शतकात पूर्वज घ्यायचे काम घराण्यांकडून राष्ट्रांकडे गेले. प्राचीन इलिरियन लोक हे अल्बेनियनांचे पूर्वज, हे आज अल्बेनियन शाळेतले मूलही सांगते. योहान गेओर्ग फॉन हान या ऑस्ट्रियन वाणिज्यदूताच्या १८५४ सालच्या अभ्यासाने या विचाराला मोठे बळ दिले. त्याच्याही आधी त्या पूर्वजांवर स्लाव्हांनी हक्क सांगून झाला होता, हे मात्र आज फारसे कोणाच्या लक्षात नाही. लुदेव्हित गाय यांच्या नेतृत्वाखाली झाग्रेबमध्ये उभी राहिलेली दक्षिण स्लाव्ह एकतेची चळवळ स्वतःला ‘इलिरियन’ म्हणवत असे. हे नाव इतके जड झाले की १८४३ साली व्हिएन्नाच्या सरकारने त्यावर बंदीच घातली. दोन समाज, एक पूर्वज. आधी एकाने वापरून ठेवला, मग दुसऱ्याने उचलला.

याच काळात दुसऱ्यांचे पूर्वज ठरवून देणारेही निघाले. त्रिएस्ते येथे जन्मलेला स्पिरिदोन गोपचेविच याने १८८९ साली मॅसिडोनिया आणि ‘जुन्या सर्बिया’वर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. कोसोव्होतले पुष्कळसे अल्बेनियन हे मुळात बाटलेले, भाषा विसरलेले सर्ब आहेत, हा सिद्धान्त त्याने युरोपभर पोचवला. काही वर्षांनी तोच माणूस लोशिन बेटावर वेधशाळा काढून खगोलशास्त्रज्ञ झाला, आणि तेव्हा त्याने नाव घेतले लिओ ब्रेनर. हजारो लोकांना ‘तुमचे खरे नाव हे नव्हे’ असे बजावणाऱ्याला स्वतःचे नाव बदलण्यात काहीच खटकले नाही. राजांनाही खटकले नाही. आख्मेत झोगोली याने १९२२ साली आडनावातली तुर्की शेपटी कापून ‘झोगू’ केले, १९२८ साली तो राजा झाला, आणि आईच्या बाजूने स्कंदरबेगच्या कुळाशी नाते सांगू लागला.

इथपर्यंतचे उसने व्यवहार बहुतेक घरांनी आपल्या गरजेने केले. विसाव्या शतकात सरकार मध्ये आले आणि प्रकार बदलला. मॅसिडोनियातल्या एखाद्या स्तोयान नावाच्या शेतकऱ्याचे कुटुंब घ्या. १९१३नंतर सर्बियन राजवटीत त्याचे आडनाव लिहिले जाणार स्तोयानोविच. १९४१ साली बल्गेरियन सैन्य आले की तेच स्तोयानोव्ह. १९४४नंतर युगोस्लाव्ह मॅसिडोनियात स्तोयानोव्स्की. सीमेपलीकडे, ग्रीसच्या वाट्याला गेलेल्या गावात राहिलेल्या चुलतभावाला ग्रीक प्रत्ययाचे आडनाव मिळणार. भाऊबंद चार राष्ट्रांचे झाले, आणि कोणी गाव सोडले नव्हते. कोसोव्हो आणि मॅसिडोनियातल्या अल्बेनियनांच्या आडनावांनाही पहिल्या युगोस्लाव्हियाच्या कारकुनांनी ‘-विच’ जोडले, आणि संधी मिळताच त्यांनी ते काढून टाकले.

शेजारच्या बल्गेरियात हे सर्वांत टोकाला गेले. स्लाव्ह भाषा बोलणाऱ्या मुसलमानांची, म्हणजे पोमाकांची, नावे १९१२-१३ साली, पुन्हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि पुन्हा १९७०च्या दशकाच्या आरंभी बळाने बदलली गेली. मग १९८४-८५च्या हिवाळ्यात पाळी आली तुर्कांची. आठ लाखांहून अधिक लोकांना बल्गेरियन नावे घ्यावी लागली. वजन उचलणारा नाइम सुलेमानोव्ह असाच ‘नाउम शालामानोव्ह’ झाला. १९८६ साली मेलबर्नमधल्या स्पर्धेतून तो निसटला, तुर्कस्तानला पोचला, आणि १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये ‘सुलेमानोग्लू’ म्हणून सुवर्णपदक घेऊन गेला. १९८९ साली तीन लाखांहून अधिक तुर्कांनी बल्गेरिया सोडला. सरकारचा दावा होता की आपण या लोकांना त्यांचे मूळ परत देत आहोत. ‘परत देणे’ हा शब्द या विषयात दिसला की वाचकाने सावध व्हावे.

अल्बेनियात हेच काम अल्बेनियन सरकारने अल्बेनियनांवर केले. १९६७ साली धर्मावर बंदी आली. १९७५ साली हुकूम निघाला की राजकीय, वैचारिक वा नैतिक दृष्टीने अयोग्य नावे बदलावीत. संतांची आणि पैगंबरांची नावे मागे पडली. त्यांच्या जागी आले इलिरियन राजे आणि राण्या, अग्रोन, तेउता, बार्धिल. नद्या, वाल्बोना, व्योसा. आणि गुण, द्रिता म्हणजे प्रकाश, श्प्रेसा म्हणजे आशा. मार्क्स, एंगेल्स, लेनिन यांची अक्षरे जोडून केलेले ‘मारेंग्लेन’ही काही मुलांच्या नशिबी आले. हुकूम ज्याच्या राज्यात निघाला, त्या एन्वर होजाचे आडनाव मात्र ‘मुल्ला’ असा अर्थ घेऊन शेवटपर्यंत जसेच्या तसे राहिले. गंमत अशी की नास्तिक राज्याने वाटलेली ही नावे लोकांना मनापासून आवडली. सीमेपलीकडे कोसोव्होत आणि मॅसिडोनियात तीच नावे बंडाची खूण ठरली. १९८०च्या दशकात मॅसिडोनियातल्या नोंदणी कचेऱ्यांना ‘श्किपे’ किंवा ‘लिरिदुआम’ अशी नावे नोंदवू नयेत अशा सूचना गेल्या. दुसऱ्या नावाचा अर्थ आहे ‘स्वातंत्र्य हवे’.

पिढी-पिढीतले हे वळण एकाच कुटुंबात स्वच्छ दिसते. कोसोव्होतून स्वित्झर्लंडला गेलेल्या जाका कुटुंबात बापाचे नाव रागिप, मुसलमानी परंपरेतले. युगोस्लाव्ह राजवटीविरुद्धच्या निदर्शनांसाठी त्याने तुरुंगवास भोगला. थोरला मुलगा तौलांत, प्राचीन इलिरियन टोळीच्या नावाचा. धाकटा ग्रानित, म्हणजे ग्रॅनाइटचा कठीण दगड. २०१६च्या युरो स्पर्धेत, ११ जूनला, फ्रान्समधल्या लान्सच्या मैदानावर दोघे भाऊ एकमेकांविरुद्ध खेळले: तौलांत अल्बेनियाकडून, ग्रानित स्वित्झर्लंडकडून. इलिरियन नावाचा भाऊ एका गोलने हरला. नावावरून कोण कोणाकडून खेळेल हे सांगता आले असते का? १९९९च्या युद्धानंतर कोसोव्होत जन्मलेल्या काही मुलांची नावे ‘टोनीब्लेर’ आहेत. २०१० साली ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर प्रिश्तिनाला गेले तेव्हा अशी नऊ मुले त्यांना भेटायला आणली होती. त्याच युद्धात हाकलल्या गेलेल्या अल्बेनियनांकडून सीमेवर ओळखपत्रे आणि गाड्यांच्या नंबरप्लेट काढून घेतल्या गेल्या. एकीकडे नाव पुसले जात होते, दुसरीकडे आभार मानायला ते उधार आणले जात होते. आणि १९९०च्या दशकात ग्रीसमध्ये मजुरीला गेलेल्या हजारो अल्बेनियनांनी कामावर ग्रीक नाव आणि कागदावर अल्बेनियन नाव ठेवले. हे तंत्र त्यांच्या मुलखाला नवे नव्हते. ऑटोमन काळात ‘लारामान’ म्हटली जाणारी कुटुंबे बाहेर मुसलमान नावाने आणि घरात ख्रिस्ती नावाने जगत होती.

आपल्या वाचकाला या गुंत्याशी ओळख करून देणारे एक नाव मात्र परके नाही. १९१० साली स्कोप्ये शहरात जन्मलेल्या मुलीचे नाव होते आन्येझ गोन्जे बोयाजिऊ. आन्येझ हे कॅथलिक संतिणीचे. गोन्जे म्हणजे कळी. फारसीतून तुर्कीत आणि तिथून अल्बेनियनमध्ये गेलेला हाच शब्द उर्दू शायरीतून आपल्याकडे ‘गुंचा’ म्हणून आला. बोयाजिऊ हे तुर्की रंगाऱ्याच्या धंद्यावरून. पुढे एका फ्रेंच जोगिणीवरून तिने तेरेसा हे नाव घेतले आणि कोलकात्यात ती भारतीय नागरिक झाली. मदर तेरेसांच्या मृत्यूनंतर अल्बेनिया आणि मॅसिडोनिया यांनी त्या कोणाच्या यावर वाद घातला. पाच संस्कृतींचे शब्द ज्या एका बाईच्या नावात सुखाने नांदले, त्या बाईसाठी दोन देशांना एकच उत्तर हवे होते.

आता या पुस्तकाच्या रीतीबद्दल थोडे. यातली व्यक्तिनामे कोणत्या रूपात लिहायची, हा छपाईचा प्रश्न वाटतो, पण प्रत्येक रूप कोणाची तरी बाजू घेते. म्हणून मध्ययुगीन माणसाचे नाव ज्या कागदात जसे आले तसे दिले आहे आणि कागद कोणत्या भाषेतला, हे शेजारी सांगितले आहे. हयात किंवा अलीकडच्या व्यक्तीचे नाव ती स्वतः लिहिते तसे. गावांना आजचे अधिकृत नाव, आणि पहिल्या उल्लेखात इतर भाषांतली नावे. ‘सर्ब’, ‘अल्बेनियन’, ‘बल्गेरियन’ हे शब्द पंधराव्या शतकासाठी वापरले आहेत तिथे त्यांचा अर्थ भाषा किंवा चर्च एवढाच घ्यावा. मतदारयादीतले राष्ट्रीयत्व त्यात वाचू नये. टोळ्यांच्या वंशकथा कथा म्हणूनच दिल्या आहेत, आणि त्या कोणाला कशासाठी उपयोगी पडल्या, हे त्यांच्याबरोबर सांगितले आहे.

पुढच्या प्रकरणांत शेकडो नावे येतील. प्रत्येक नावापाशी तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी ठेवले, हे कोणी लिहिले, आणि हे कोणाला ऐकवायचे होते? धर्मगुरूने, कुमाने, आईने की सरकारने ठेवले. मठाच्या लेखनिकाने लिहिले की करवसुलीच्या कारकुनाने. शेजाऱ्याला ऐकवायचे होते की सीमेवरच्या पहारेकऱ्याला. हे तीन प्रश्न विचारले की तुटक यादीतूनही चालते-बोलते गाव उभे राहते. ‘मग हा मुळात कोण?’ हा चौथा प्रश्न उरतोच, आणि तो विचारण्यात काही गैर नाही. पण त्याचे उत्तर द्यायला भाषा आहे, जमिनीचे कागद आहेत, लग्नाच्या नोंदी आहेत, आणि तो माणूस स्वतः काय म्हणवून घेत होता हे आहे. नावावर ते ओझे टाकले, तेव्हा काय झाले, ते बल्गेरियाच्या त्या हिवाळ्याने दाखवले आहे.